डोळ्यांवरचे यंत्र : किंमत किती, मोल किती?

दिवाळीच्या सुट्टीत एका शिक्षकमित्रांचा फोन आला. ते तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवतात. मुलगा दहावीत आहे. घरी टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल आहे, आणि आता त्याच्यासोबत वापरायचा व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट हवा, असा मुलाने धोशा लावला होता. "तो म्हणतो, डोळ्यांवर चढवला की आपण थेट त्या जगात. पण अहो, याची किंमत केवढी! घेण्यासारखा आहे का? आणि नुसते हो किंवा नाही सांगू नका. का, तेही सांगा. मला घरी उत्तर द्यायचे आहे आणि उद्या वर्गातही हाच प्रश्न येणार."

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. चार दिवस मागून घेतले. प्रश्न आजचा वाटला तरी तो बराच जुना आहे. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवून खोलीचा भास घडवणारे यंत्र १८३८ पासून माणसाच्या हाती आहे, आणि त्यासाठी पैसे मोजावेत की नाही हा प्रश्नही जवळजवळ तेव्हापासूनचा आहे. इतक्या वर्षांचा हिशेब समोर असताना केवळ जाहिरात पाहून निर्णय कशाला करायचा?

अंगठ्याची उडी

आधी एक साधा प्रयोग करू. हात लांब करून अंगठा उभा धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारल्यासारखा दिसेल. आता अंगठा जवळ आणा. उडी मोठी होते. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सुमारे सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, म्हणून दोन्ही डोळ्यांना मिळणारी चित्रे किंचित वेगळी असतात. वस्तू जितकी जवळ, तितका हा फरक जास्त. या फरकावरून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो.

हे नीट ओळखले लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील चार्ल्स व्हीटस्टन यांनी. विद्युत् रोध मोजण्याच्या सेतूला ज्यांचे नाव आहे तेच हे व्हीटस्टन. १८३८ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे एक शोधनिबंध मांडला. काटकोनात बसवलेले दोन आरसे आणि दोन बाजूंना दोन रेखाचित्रे, एवढीच त्यांची सामग्री. एका चित्रात ठोकळा डाव्या डोळ्याला दिसेल तसा काढलेला, दुसऱ्यात उजव्या डोळ्याला दिसेल तसा. आरशांशी नाक नेले की दोन सपाट चित्रांच्या जागी एक भरीव ठोकळा उभा राहायचा. या उपकरणाला त्यांनी स्टिरिओस्कोप हे नाव दिले. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती पुढच्या वर्षी, म्हणजे १८३९ मध्ये. म्हणजे त्रिमितीय चित्र पाहण्याचे यंत्र आधी आले, आणि त्यात घालण्याजोगी चित्रे मागाहून. हा क्रम लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

पेटी स्वस्त, चित्रे पुष्कळ

व्हीटस्टन यांचे उपकरण प्रयोगशाळेच्या टेबलावरचे होते. ते घराघरात नेण्याचे काम भिंगांनी केले. शोभादर्शकाचे जनक डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये आरशांऐवजी दोन भिंगे बसवलेली छोटी पेटी सुचवली. पॅरिसच्या ज्यूल द्यूबॉस्क यांनी ती बनवली, आणि १८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात ती व्हिक्टोरिया राणीच्या नजरेत भरली. त्यानंतर स्टिरिओस्कोपला मागणी वाढू लागली.

पण आमच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे वर्ष आहे १८६१. अमेरिकेतील बॉस्टनचे डॉक्टर आणि निबंधकार ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हातात धरायचा एक सुटसुटीत स्टिरिओस्कोप तयार केला. दांडा, दोन भिंगे, पुढे-मागे सरकणारी एक आडवी पट्टी आणि तिच्यात खोचलेले कार्ड. पेटीच नाही! होम्स यांनी त्याचे पेटंट मुद्दाम घेतले नाही. कोणीही बनवावा आणि विकावा. परिणाम असा झाला की पाहण्याचे यंत्र स्वस्त झाले आणि धंदा सगळा कार्डांचा झाला. पर्वत, मंदिरे, रणांगणे, कारखाने अशी नाना विषयांची कार्डे निघाली.

पुढे शाळाही यात आल्या. जेम्स रिकल्टन हे अमेरिकेतील एक शाळामास्तर. प्रवासाच्या वेडापायी त्यांनी मास्तरकी सोडली आणि अंडरवुड अँड अंडरवुड या कंपनीसाठी देशोदेशीची दुहेरी छायाचित्रे घेतली. त्यांत हिंदुस्थानचा एक मोठा संचही होता. कीस्टोन व्ह्यू या कंपनीने तर शाळांसाठी वेगळा शिक्षण विभाग काढून भूगोल आणि उद्योगधंद्यांचे संच विकले.

आमच्या पिढीने या घराण्यातला शेवटचा वारस पाहिला आहे. तो म्हणजे व्ह्यू-मास्टर. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात तो आला. गोल चकतीवर चौदा छोटी चित्रे, म्हणजे सात जोड्या. शेजारच्या घरी एक व्ह्यू-मास्टर होता. खटका दाबला की पुढचे दृश्य. सगळ्या चकत्या पाठ झाल्या होत्या, तरी आम्ही पुन्हा पुन्हा मागायला जायचो. यंत्र एकदाच घ्यायचे आणि चकत्या आयुष्यभर जमवायच्या, असा तो व्यवहार होता.

डोके वळले की जग वळले

स्टिरिओस्कोपमध्ये एक उणीव होती. मान वळवली तरी चित्र तेच. खऱ्या जगात तसे होत नाही. ही उणीव दूर करण्याचा पहिला गंभीर प्रयत्न अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी केला. १९६८ मध्ये त्यांनी डोक्यावर बसवायचे एक उपकरण मांडले. प्रत्येक डोळ्यासाठी एक लहान चित्रनळी, आणि डोके कुठे वळले हे मोजण्यासाठी छताला टांगलेला एक यांत्रिक दांडा. चित्र म्हणाल तर हवेत तरंगणारा रेघांचा ठोकळा. व्हीटस्टन यांच्या रेखाचित्रांचा जणू नातूच! डोक्यावर लटकणाऱ्या त्या लोढण्याला ग्रीक कथेतील डॅमोक्लिसच्या तलवारीचे नाव पडले.

यात अडचण कोणती, ते अंकगणिताने पाहू. मान सहज वळवली तरी तिचा वेग सेकंदाला शंभर अंश होऊ शकतो. डोके वळल्यापासून नवे चित्र डोळ्यापुढे येईपर्यंत समजा एक विसांश सेकंद गेला. तेवढ्यात डोके पाच अंश पुढे गेलेले असते. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणजे समोरचे सगळे जग दहा चंद्रांइतके चुकीच्या जागी! मेंदूला हे खपत नाही. म्हणून अभियंते हा विलंब सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी करण्यासाठी धडपडतात, आणि डोके पुढच्या क्षणी कुठे असेल याचा आधीच अंदाज बांधून चित्र काढतात. दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे, तीही सेकंदाला नव्वद किंवा त्याहून अधिक वेळा. हेडसेटसाठी दमदार संगणक का लागतो, त्याचे उत्तर इथे आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस असे हेडसेट विकत मिळू लागले, पण त्यांच्या किमती हजारो डॉलर होत्या. ते घ्यायचे संशोधनसंस्थांनी. घरातल्या मुलांसाठी ते स्वस्त कसे करायचे, हा प्रश्न खेळांच्या कंपन्यांपुढे आला.

लाल चित्रांचा धडा

सेगा कंपनीने १९९१ मध्ये आपल्या कन्सोलसाठी हेडसेट जाहीर केला आणि १९९३ मध्ये तो प्रदर्शनात दाखवला. किंमत सुमारे दोनशे डॉलर असेल असे सांगितले गेले. तो दुकानांत कधीच आला नाही.

निंटेंडोचा व्हर्च्युअल बॉय मात्र आला. जपानमध्ये जुलै १९९५ मध्ये, अमेरिकेत ऑगस्टमध्ये. अमेरिकेतील किंमत सुमारे १८० डॉलर. त्याचे शिल्पकार होते गुनपेई योकोई. १९८९ चा गेम बॉय हा हातातला खेळही त्यांच्याच पुढाकाराने घडला होता. जुने, मुरलेले, म्हणून स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा, हे योकोई यांचे तत्त्व. गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता, पण तो स्वस्त होता आणि त्याला वीज कमी लागे. त्याचे आणि त्याच्या रंगीत आवृत्तीचे मिळून अकरा कोटींहून अधिक नग खपले.

तेच तत्त्व व्हर्च्युअल बॉयला लावले गेले. पूर्ण पडद्याऐवजी प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल दिव्यांची एकच उभी ओळ, आणि समोर सेकंदाला पन्नास वेळा झुलणारा आरसा. आरसा झुलला की ती ओळ डावीकडून उजवीकडे फिरते आणि दृष्टिसातत्यामुळे पूर्ण चित्र भासते. कल्पना सुंदर होती, आणि लाल रंगाचे एलईडी स्वस्त व कमी वीज खाणारे होते. पण चित्र सगळे लाल आणि काळे. डोके वळले तर ते ओळखण्याची सोयच नाही. यंत्र टेबलावर एका स्टँडवर आणि खेळणारा त्यात तोंड घालून वाकलेला! सात वर्षांखालील मुलांनी वापरू नये अशी सूचना होती, आणि मधूनमधून खेळ थांबवून विश्रांतीची आठवण करून देण्याची सोयही होती. जपान आणि अमेरिका मिळून त्याच्यासाठी एकूण २२ खेळ निघाले. नग खपले आठ लाखांहून कमी, आणि वर्षभरात तो बाजारातून उठला.

याला केवळ फजिती म्हणून हसणे सोपे आहे. आम्हांला त्यात धडा दिसतो. किंमत उतरवण्यासाठी कंपनीने जे वगळले, तेच तर लोकांना हवे होते. होम्स यांनीही वगळले होते, पण त्यांनी पेटी वगळली, चित्र नाही.

आजचा हेडसेट

यानंतर खेळांच्या जगात हा विषय बराच काळ मागे पडला. तो परत आला स्मार्टफोनमुळे. फोनसाठी लाखोंनी बनणारे लहान, बारीक ठिपक्यांचे पडदे आणि हालचाल ओळखणारे संवेदक स्वस्त झाले होते. २०१२ मध्ये ऑक्युलस या छोट्या कंपनीने लोकांकडून अडीच लाख डॉलर मागितले. जमले सुमारे चोवीस लाख. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले. योकोई यांचेच तत्त्व, पण या वेळी मुरलेले तंत्र खरोखर पुरेसे चांगले होते.

सोनीने ऑक्टोबर २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी हेडसेट आणला. अमेरिकेतील किंमत ३९९ डॉलर. २०१९ च्या अखेरपर्यंत त्याचे ५० लाख नग खपले. आकडा मोठा वाटतो, पण तोवर प्लेस्टेशन ४ खपले होते १० कोटी ६० लाख. म्हणजे कन्सोल असलेल्या शंभर घरांपैकी पाचांनीही तो घेतला नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ साठी दुसरा हेडसेट आला, ५५० डॉलरला. अमेरिकेत खुद्द कन्सोल २०२० मध्ये आला होता ५०० डॉलरला. मार्च २०२५ मध्ये कंपनीने हेडसेटची किंमत ४०० डॉलरवर आणली. भारतात तो डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा सुमारे ५८ हजार रुपयांना होता.

या पैशांत डोळ्यांना काय मिळते, हेही मोजता येते. चांगली नजर एका अंशात साधारण साठ ठिपके वेगळे ओळखू शकते. २०१६ च्या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला आडवे ९६० ठिपके होते आणि ते सुमारे शंभर अंशांत पसरलेले. भागाकार करा : अंशाला दहाच्याही आत. २०२३ च्या हेडसेटमध्ये २००० ठिपके सुमारे ११० अंशांत, म्हणजे अंशाला अठराच्या आसपास. आता घरचा ४३ इंची साधा टीव्ही घ्या. रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर, ठिपके १९२०. दोन मीटरवरून तो आपल्या नजरेचे सुमारे सत्तावीस अंश व्यापतो, म्हणजे अंशाला सत्तर ठिपके! बारकाव्यात जुना टीव्हीच पुढे. हेडसेटची किंमत आपण स्पष्टतेसाठी देत नाही. चहूबाजूंनी वेढले जाण्याच्या अनुभवासाठी देतो. हा अनुभव खोटा नाही. आम्ही एका परिचितांकडे हा हेडसेट घालून पाहिला. खोल दरीच्या कडेवर उभे असल्याचे दृश्य आले तेव्हा सपाट फरशीवर उभे असूनही आमचा पाय मागे सरकला.

पैशाने न मिटणारी दोन भांडणे

तरीही दोन अडचणी अशा आहेत की ज्या महाग हेडसेटनेही मिटलेल्या नाहीत, कारण त्या यंत्रात नसून यंत्र आणि शरीर यांच्या नात्यात आहेत.

पहिले भांडण डोळ्यातल्या डोळ्यात. बोट वीस सेंटिमीटरवर धरून त्याच्याकडे पाहा. दोन गोष्टी एकदम होतात. दोन्ही बुबुळे आत वळतात, आणि डोळ्यातले भिंग जवळच्या वस्तूसाठी फुगते. ही दोन कामे एकमेकांशी जुळलेली असतात. हेडसेटमध्ये भिंगांमुळे पडद्याची प्रतिमा एका ठरलेल्या अंतरावर असते. समोर चित्रातला चेंडू जवळ आला की बुबुळे आत वळतात, पण डोळ्याच्या भिंगाने मात्र त्या ठरलेल्या अंतरावरच नजर रोखायची असते. व्हीटस्टन यांच्या आरशांपासून हे असेच आहे. बराच वेळ खेळल्यावर डोळे शिणतात ते यामुळेही. चाळिशी लागलेल्या आमच्यासारख्यांना हे तुलनेने कमी जाणवते, कारण आमच्या भिंगाने फुगणे आधीच कमी केले आहे!

दुसरे भांडण डोळा आणि कान यांचे. आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका शरीराच्या फिरण्याची खबर देतात. घाटातल्या एस.टी.त पुस्तक वाचत बसले की मळमळते, कारण कान म्हणतो हलतो आहोत आणि डोळा म्हणतो स्थिर आहोत. हेडसेटमध्ये नेमके उलटे. डोळा म्हणतो धावतो आहोत, कान म्हणतो खुर्चीत बसलो आहोत. काहींना याचा मुळीच त्रास होत नाही, काहींना दहा मिनिटांत डोके धरावे लागते. मोटारीच्या किंवा विमानाच्या खेळात समोर गाडीची स्थिर चौकट दिसत राहते, त्यामुळे अनेकांना त्रास कमी होतो. आपण कोणत्या गटातले, हे मात्र डोक्यावर चढवल्याशिवाय कळत नाही. बारा वर्षांखालील मुलांसाठी हे उपकरण नाही, असे सोनीची सूचनाच सांगते. प्राथमिक शाळेतील शिक्षकांनी हे पालकांना अवश्य सांगावे.

मग घ्यायचा का?

आमच्या मित्रांना आम्ही तीन प्रश्न लिहून पाठवले. पहिला : मुलगा सलग अर्धा तास तो घालून बरा राहतो का? दुसरा : त्याला खेळावेसे वाटणारे, त्या हेडसेटवर चालणारे खेळ किती आहेत? नावे लिहून काढा, आणि हेडसेटची किंमत त्या संख्येने भागा. प्रत्येक खेळाच्या किमतीत ती रक्कम मिळवायची आहे. तिसरा : पाच वर्षांनी हे खेळ चालतील का? २०१६ च्या हेडसेटसाठी घेतलेले खेळ २०२३ च्या हेडसेटवर जसेच्या तसे चालत नाहीत. निर्मात्याने नवी आवृत्ती काढली तरच. शंभर वर्षांपूर्वीचे कार्ड मात्र आजही होम्स यांच्या स्टिरिओस्कोपमध्ये बसते.

आमचे मत विचाराल तर असे. ज्याला मोटारींच्या शर्यतीसारखा एखादा खेळ मनापासून आवडतो, तो त्यात रोज रमतो, आणि ज्याला त्रास होत नाही, त्याचे पैसे वसूल होतात. बाकी बहुतेक घरांत पहिल्या महिन्याचे नवल ओसरले की हेडसेट कपाटात जातो. दोष यंत्राचा नाही. १८६१ मध्ये यंत्र स्वस्त होते आणि चित्रे पुष्कळ होती. आज यंत्र महाग आहे आणि त्याच्या मानाने चित्रे थोडी. जोवर हे प्रमाण उलटत नाही, तोवर थांबणे शहाणपणाचे. हाच हिशेब शाळेच्या दारात आभासी प्रयोगशाळा विकायला येणाऱ्यांनाही लावावा. किती पेट्या देता, हे आधी विचारू नका. पाठ किती, कोणत्या भाषेत आणि किती वर्षे चालतील, ते विचारा.

मित्रांनी मुलाला शहरात नेऊन अर्धा तास हेडसेट वापरायला दिला. वीस मिनिटांनी मुलाने स्वतःच काढून ठेवला. त्याला हेडसेट आवडला आहे. वार्षिक परीक्षा झाल्यावर पुन्हा पाहू, असे ठरले आहे. तोवर वर्गात वेगळेच सुरू झाले. शाळेच्या आवारातील वडाचे फोनने एक छायाचित्र घ्यायचे, फोन बरोबर साडेसहा सेंटिमीटर उजवीकडे सरकवून दुसरे. दोन्ही शेजारी शेजारी, मध्यबिंदूंमध्ये साधारण तेवढेच अंतर राहील अशी छापायची. दहा-बारा सेंटिमीटर नाभीय अंतराची दोन सारखी भिंगे पुठ्ठ्यात बसवायची, आणि दोन चित्रांमध्ये एक उभा पुठ्ठा. भिंगांतून पाहिले की पारंब्या कागदातून बाहेर येतात. फोन तीस सेंटिमीटर सरकवला तर काय दिसेल, हे मुलांना आधी विचारा आणि मग करून पाहायला सांगा.